लोखंड थोरल्याचं, तांबं धाकट्याचं

डोंगराकडून इंजिन ओरडल्याचा आवाज आला तेव्हा थोरला एका ट्रकच्या चाकापाशी उकिडवा बसून नट आवळत होता. सकाळची वेळ होती. धुक्यात गॅरेजच्या फाटकापलीकडचं काही दिसत नव्हतं, पण आवाज स्पष्ट होता आणि भलताच चढलेला होता. वरच्या वस्तीकडून येणारा चढ जिथं संपतो तिथं एक वळण आहे, आणि वळणापासून थेट गॅरेजपर्यंत उतार. शहाण्या माणसानं वळणाआधी रेसवरचा पाय काढायचा असतो. "कोण गाढव आहे रे हे?" थोरला चाकाला म्हणाला. हल्ली तो चाकांशी, जॅकशी, तेलाच्या डब्यांशी बरंच बोलायचा, त्याचं कारण पुढं येईलच. मग आवाज एकाएकी बंद पडला. थोरल्यानं पुढचा नट हातात घेतला.

ते गाढव म्हणजे त्याची सख्खी बहीण होती, मधली.

मधली वरच्या वस्तीत राहायची आणि तिथली पोरं रोज सकाळी खालच्या शाळेत आणून सोडायची. गाडी बाबांची. चौकोनी नाकाची, उंच, आठ जणांची जुनी डिझेल एसयूव्ही. घरात तिला सगळे हत्तीण म्हणायचे, आणि बाबांनी जाण्याच्या बऱ्याच आधी ती मधलीच्या हाती दिली होती, कारण तिघांत नीट गाडी चालवणारी तीच, असं त्यांचं मत. त्या सकाळी चढ संपताना मधलीनं पाय काढला आणि इंजिन ओरडतच राहिलं. पेडल खालीच अडकलेलं. तिनं क्लच दाबला, चावी फिरवून इंजिन बंद केलं. पण चावी उपसली नाही, कारण उपसली की स्टीअरिंग अडकतं, हे बाबांनी तिच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. ब्रेक दगडासारखा झाला, स्टीअरिंग जड झालं. रस्तादुरुस्तीवाल्यांनी कडेला टाकलेल्या खडीच्या ढिगात तिनं गाडी घुसवली. एका मुलाचा हात मोडला, हिचं कपाळ फुटलं, बाकीची पोरं रडून रडून निळी झाली. दुसऱ्या बाजूला दरी होती. मधलीनं नंतर ज्याला ज्याला हकिगत सांगितली त्याला खडीचा ढीग सांगितला, दरी सांगितली नाही. थोरल्याला सांगायची गरजही नव्हती, त्याला ते वळण पाठ होतं.

दुपारी हत्तीण दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजमध्ये आली. मागोमाग कपाळाला पट्टी बांधलेली मधली.

आता या गॅरेजबद्दल सांगितलं पाहिजे. बाबांना दोन मुलगे, आणि दोघं लहानपणापासून एका हाडावरच्या दोन कुत्र्यांसारखे. थोरला जे उघडेल त्यात धाकट्याचं बोट, धाकटा जे जोडेल ते थोरला उपटून बघणार. शेवटी एक दिवस बाबांनी दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि वाटणी करून टाकली. "लोखंड थोरल्याचं, तांबं धाकट्याचं. एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावला तर गाठ माझ्याशी." म्हणजे इंजिन, गिअर, ब्रेक, चाकं थोरल्याची, आणि वायरी, दिवे, बॅटरी, स्टार्टर धाकट्याचं. वाटणी झकास चालली. दोघंही आपापल्या कामात पटाईत झाले आणि लांबून लांबून गाड्या यायला लागल्या.

पण गाडी काही वाटणी बघून बनवलेली नसते. लोखंडाचं की तांब्याचं ते कळणार नाही अशा बारीकसारीक वस्तू असतातच. त्यांच्यासाठी बाबांचा खिळा होता. दाराजवळ बाबांचं स्टूल, आणि स्टुलाच्या वर भिंतीत ठोकलेला हा लांब खिळा. जे कुणाचंच नाही ते खिळ्याला टांगायचं आणि आपण मोकळं व्हायचं. गाडीची चावी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी बाबा शेवटची फेरी घालायचे. खिळ्यावरचं जिथल्या तिथं बसवायचे, प्रत्येक नटाला एकदा पाना लावायचे, प्रत्येक वायर एकदा हलवून बघायचे. बोलायचे काही नाहीत. चावी द्यायचे आणि हात पुसायचे.

बाबा गेले आणि खिळा राहिला. त्याला अजूनही काहीबाही लटकत होतं: एक रबरी टोपण, एक कड्यासारखा क्लॅम्प, एक वेणीसारखी विणलेली पट्टी. बाबांचा खिळा म्हणून दोघंही त्याच्यावरचं काही काढत नव्हते.

बाबांनंतर दोघांचं बिनसायला फार काळ लागला नाही. एका गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त होऊन गेली आणि तशीच परत आली. गिऱ्हाईक चिडलेलं. लोखंड म्हणे तांब्याची चूक, तांबं म्हणे लोखंडाची. बोलता बोलता थोरला म्हणाला, "बाबा असते तर तुला फाटकाबाहेर काढलं असतं." त्यावर धाकटा अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा असते तर आता तुझे नट आवळत बसले असते. रोज आवळायचे. तुला माहीत नाही, एवढंच."

थोरल्याला ते चांगलं माहीत होतं. धाकट्याला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं. खरं बोलणं फार लागतं. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. धाकटा वरच्या मजल्यावर राहायचा, थोरला मागच्या खोल्यांत. थोरल्याच्या दोन मुली आणि धाकट्याचा मुलगा अंगणात एकत्रच खेळायची, त्यांना बापांच्या अबोल्याशी काही देणंघेणं नव्हतं. बापांनी मात्र एकमेकांशी बोलायला निर्जीव वस्तू धरल्या. "काही लोकांना पाना जागेवर ठेवायची सवय नसते," असं थोरला टायरला सांगायचा. "काही लोकांना नाचता येत नाही, मग अंगण वाकडं," असं धाकटा बॅटरीला ऐकवायचा. आणि खरोखरच महत्त्वाचं काही असेल तर मधलीला फोन जायचा आणि तिच्यामार्फत निरोप खालून वर, वरून खाली फिरायचा. ती एकटीच दोघांची होती.

याच काळात हत्तिणीला एकेक दुखणं लागत गेलं. आधी सकाळी सुरू होताना ती कण्हायला लागली. स्टार्टर असा फिरायचा, जणू झोपेतून उठवलेलं माणूस कूस बदलतंय. ते तांबं. धाकट्यानं नवी बॅटरी टाकली, स्टार्टर उघडून साफ केला, आतले ब्रश बदलले. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. नंतर दिवे लावले की तापमानाचा काटा चढायला लागला. गाडी तापते म्हटल्यावर थोरल्यानं रेडिएटर खाली घेतला, आत कचरा नाही, पाणी नाचत फिरतंय. धाकट्यानं काटाच बदलला. नवा काटाही चढू लागला. मग रेसचं पेडल जड झालं. पेडलापासून इंजिनाच्या पंपापर्यंत जी पोलादी केबल जाते ती आत अडकत होती. थोरल्यानं नवी टाकली. थोड्याच दिवसांत तीही अडकली. त्यानं केबलवाल्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि आणखी एक नवी टाकली. तीच त्या सकाळी अडकली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं दोघांचं चाललं होतं, आणि प्रत्येकजण मधलीला खासगीत सांगत होता की खरी भानगड दुसऱ्याच्या भागात आहे.

तर मधली त्या दुपारी आली. बसली नाही. थोरला बॉनेट उघडत होता, धाकटा पलीकडे एका गाडीच्या दिव्यात तोंड घालून बसला होता, पण कान इकडेच.

"केबल बदलून देतो संध्याकाळपर्यंत," थोरला म्हणाला. "यावेळी दुसऱ्या दुकानातली—"

"केबल नको मला."

"अगं, अडकली म्हणून तर—"

"का अडकली ते सांग. तू दोनदा बदललीस. यानं बॅटरी बदलली, काटा बदलला. मी दर वेळी म्हटलं, बरं बाबा, भाऊ आहेत, सांगतात ते खरं. पोरं बसवली आणि गेले." तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच थोरल्याला धडकी भरली. "त्या मुलाची आई सकाळी माझ्याकडे बघत होती. बोलली काहीच नाही. बाकीच्यांच्या आया उद्यापासून पोरांना चालत आणतो म्हणाल्या. मला त्यांना सांगायचंय की काय झालं होतं. 'माझ्या भावांनी दुरुस्त केलीय' हे नाही सांगायचं, ते मी आजवर सांगतच आले. कारण सापडलं तर बोलवा. नाही सापडलं तर मी या गाडीत बसणार नाही, आणि या गॅरेजमध्येही येणार नाही."

"म्हणजे?" थोरल्यानं विचारलं.

"म्हणजे निरोप पोचवायला दुसरं कुणीतरी बघा," ती म्हणाली आणि चालू लागली.

थोरला बराच वेळ बॉनेटला हात लावून उभा राहिला. बाबा गेल्यावर घर म्हणून जे काही उरलं होतं, ते या बाईच्या फोनवर टांगलेलं होतं. ती गेली तर वरचा मजला आणि मागच्या खोल्या, एवढंच उरणार होतं. मनातून त्याला आणखीही एक गोष्ट हवी होती, आणि ती काही कौतुकाची नव्हती: चूक धाकट्याची निघावी. एकदा तांब्याची चूक निघाली की मधलीसमोर मान ताठ ठेवता येईल. माणूस संकटातही हिशेब सोडत नाही.

त्यानं केबल काढली. बाहेरचं काळं कवच ब्लेडनं उभं चिरलं आणि आत बघितलं. आतली तार सरकावी म्हणून कवचाला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. ते अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं, मेणबत्तीचं मेण वातीवर गोठावं तसं. वितळलं म्हणजे इंजिनाच्या धगीनं, असा पहिला विचार. पण धग ज्या नळीची, ती धूर बाहेर टाकणारी नळी इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला. बरं, तेही असो. त्यानं केबल टोकापर्यंत चिरत नेली. पेडलाजवळचं टोक, जे गाडीच्या आत पायापाशी असतं, जिथं धग कधी पोचतच नाही, तेही वितळलेलं. सगळीकडे सारखं. बाहेरून कशाचीही आच लागलेली नव्हती. तार आतून तापली होती.

लोखंडाची तार आपली आपण तापते कधी? थोरल्याला एकच उदाहरण ठाऊक होतं, घरातल्या विजेच्या शेगडीचं. आणि तिथं तांब्याचं राज्य सुरू होत होतं.

आता विचारायचं कुणाला, हे गॅरेजमधल्या उंदरालाही माहीत होतं. धाकटा पलीकडे स्क्रू फिरवत होता. थोरल्यानं घसा खाकरला आणि चाकाला म्हणाला, "काही लोकांना विजेतलं कळतं म्हणे."

धाकट्यानं मान वर केली नाही. "काही लोकांना हाक मारून विचारता येत नाही," तो दिव्याला म्हणाला.

एरवी यावर थोरल्यानं टायरला लाथ घातली असती. पण त्याच्या हातात ती केबल होती. त्याला ते वळण दिसलं, मधलीचं कपाळ दिसलं, आणि सकाळचं ते ओरडणारं इंजिन पुन्हा ऐकू आलं. त्यानंच ऐकलं होतं. ऐकून गाढव म्हणाला होता.

"अरे," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी आलेल्या त्या शब्दाला गंज चढला होता. "इकडे ये जरा. हे बघ."

धाकटा आला. केबल हातात घेतली, चिरलेल्या भागावरून नख फिरवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"यातून करंट गेलाय," तो म्हणाला.

"केबलमधून? केबलचा आणि करंटचा काय संबंध?"

"संबंध नसायलाच हवा." धाकटा बॉनेटखाली वाकला. "बॅटरीतून करंट स्टार्टरला जातो. गेला की त्याला परतही यावं लागतं. इंजिनातून बॉडीत, बॉडीतून बॅटरीत. पण इंजिन बसलंय रबरावर, रबरातून तो येऊ शकत नाही. त्याच्यासाठी वाट केलेली असते. ती वाट बंद असली तर मिळेल त्या फटीतून घुसतो. हिचं एक टोक इंजिनाला, दुसरं बॉडीला." त्यानं केबल वर धरली. "ही फट."

"म्हणून स्टार्टर कण्हत होता?"

"म्हणून. काटा पण म्हणूनच. दिवे लावले की ओढ वाढते, ओढ वाढली की काटा चढतो. गाडी तापत नव्हतीच." तो थबकला. "ताईनं आज सकाळी दिवे लावले होते का?"

"धुकं होतं. दिवे, वायपर, काचेवरचा पंखा, सगळं लावलं असणार."

पोरांना दिसावं म्हणून, पोरांना थंडी वाजू नये म्हणून बाईनं जे जे लावलं, त्या प्रत्येकानं केबल आणखी तापवली होती.

धाकट्यानं मीटर आणला. एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरं इंजिनाला. थोरल्यानं चावी फिरवली. आता केबलही काढलेली, त्यामुळं स्टार्टर नुसता टकटकला, आणि जिथं काटा हलायलाच नको तिथं मीटरचा काटा पार पलीकडे गेला. मग धाकट्यानं चिमटे असलेली एक जाड वायर घेतली, एक चिमटा बॅटरीला लावला आणि दुसरा सरळ इंजिनाच्या लोखंडाला. "चावी मार आता."

हत्तीण पहिल्या झटक्याला उठली. कण्हणं नाही, कुंथणं नाही. बाबांच्या वेळी असाच आवाज यायचा. थोरल्यानं चावी बंद केली, पण हात तसाच चावीवर राहिला.

"वाट कुठं असते?" त्यानं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. कुणीतरी वेगळं उत्तर द्यावं असं वाटत होतं.

"गिअरबॉक्सपासून चॅसीपर्यंत. विणलेली तांब्याची पट्टी असते, वेणीसारखी. एका बोल्टखाली—"

थोरला हातदिवा घेऊन गाडीखाली सरकला. बोल्ट जागेवर होता. अगदी घट्ट होता, त्यानं स्वतःच आवळलेला. त्याच्याखाली पट्टी नव्हती.

तो बाहेर आला आणि उठून बसलासुद्धा नाही. जमिनीवर पडल्या पडल्या त्याला दाराजवळचं स्टूल दिसत होतं, आणि स्टुलाच्या वरचा खिळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. एवढे दिवस दोघांनी त्याच पट्टीच्या खालून ये-जा केली होती, तिच्याच शेजारी उभं राहून चहा प्यायला होता, आणि धाकट्याचा तर तिला एकदा खांदाही घासला होता.

धाकट्याचीही नजर तिकडे गेली. तो हळूच म्हणाला, "ताईला बोलवू?"

"बोलव."

मधली आली. धाकट्यानं तिला सगळं दाखवलं, वितळलेली केबल, मीटर, रिकामा बोल्ट. ती नीट ऐकत होती, मध्येच एखादा प्रश्न विचारत होती. मग तिनं खिळ्याकडे बघितलं.

"कुणी काढली होती?"

"मी," थोरला म्हणाला. "क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला होता ना, तेव्हा."

"परत का नाही लावलीस?"

"तांब्याची होती." बोलताना त्यालाच ते मूर्खासारखं वाटलं. "तांबं माझं नाही. म्हणून खिळ्याला टांगली."

"कुणासाठी?"

थोरल्यानं तोंड उघडलं. उत्तर अगदी जिभेवर होतं, आणि ते बाहेर पडताना त्यानं स्वतः पहिल्यांदा ऐकलं. "बाबांसाठी."

"बाबा होते तेव्हा?"

"नव्हते."

बाबा गेले हे थोरल्याच्या डोक्याला कळलेलं होतं. त्यानंच सगळ्यांना कळवलं होतं, त्यानंच रडणाऱ्यांना धीर दिला होता. हातांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. हातांनी पट्टी काढली आणि नेहमीसारखी खिळ्याला टांगली, शेवटच्या फेरीला बाबा बसवतील म्हणून. आणि मग बोल्ट आवळून त्यानं मधलीला सांगितलं होतं, झाली, घेऊन जा. थोरल्याला रडू फुटलं. चांगला मोठा बाप्या माणूस, तेलकट बाहीनं तोंड पुसत हमसून हमसून रडला.

"तू?" मधलीनं धाकट्याकडे वळून विचारलं. "तुला रोज दिसत नव्हती?"

"दिसत होती." धाकट्यानं खाली बघितलं. "बोल्टखाली लागते, म्हणजे लोखंडाची, असं धरलं. हत्तिणीची आहे हे ठाऊक नव्हतं ताई, शपथ. पण काहीतरी राहिलंय हे कळत होतं. मी म्हटलं, राहू दे. एकदा चुकू दे त्याला, सगळ्यांना दिसू दे."

"दिसलं की सगळ्यांना," मधली म्हणाली. "त्या पोराच्या हाताला प्लॅस्टर आहे."

मग ती स्टुलावर जाऊन बसली. बाबांनंतर त्यावर कुणी बसलं नव्हतं. भावांनी मग मुकाट्यानं काम केलं. थोरल्यानं पट्टीची टोकं घासून चकचकीत केली, धाकट्यानं चॅसीवरची गंजलेली जागा खरवडली, आणि दोघांनी मिळून ती बोल्टखाली बसवली. नवी केबल टाकली. दिवे, वायपर, पंखा, सगळं लावून चावी मारली. मीटरचा काटा हलला नाही, तापमानाचा काटा चढला नाही, पेडल लोण्यासारखं खाली गेलं आणि पाय काढताच वर आलं. थोरल्यानं चावी काढून बहिणीपुढं धरली. "झाली. घे."

मधलीनं हात पुढं केला नाही. अंगणातून पोरांचा आरडाओरडा येत होता.

"तुझ्या मुलींना बसव मागं," ती म्हणाली. "आणि याच्या मुलाला. मी त्यांना वळणापर्यंत नेऊन आणते. मग वस्तीतल्या आयांना सांगेन, माझ्या भावांची पोरं बसून आली म्हणून."

"हो, त्यात काय—" असं थोरला म्हणणार होता. चावी त्याच्याच हातात होती, काम त्यानंच केलं होतं, काटा डोळ्यांनी बघितला होता. पण त्याची धाकटी मुलगी अंगणातून त्याला 'बाबा, बघा' म्हणून काहीतरी दाखवत होती, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्यानं धाकट्याकडे बघितलं. धाकट्याचीही तीच गत.

"थांब जरा," थोरला म्हणाला. चावी त्यानं बहिणीच्या मांडीवर ठेवली, पाना घेतला आणि पुन्हा गाडीखाली गेला. पलीकडून धाकटा शिरला. सुरुवातीला हा लोखंड बघत होता, तो तांबं. मग अंधारात धाकट्याचा आवाज आला.

"दादा, ब्रेकच्या नळीचा हा नट सैल आहे. तुझा आहे."

थोरल्याला ते लागलं. लागायलाच हवं होतं. त्यानं पाना सरकवला. "आवळ," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्याच्या हाताला एक वायर लागली, तिचं वरचं वेष्टन कडेला घासून सोललेलं. "ही तुझी," तो म्हणाला, आणि धाकट्यानं चिकटपट्टीची गुंडाळी त्याच्याकडे सरकवली. फेरी संपायला उन्हं कलली. मधली स्टुलावरून हलली नाही, पोरं दोनदा येऊन 'जायचं का?' म्हणून विचारून गेली आणि तिनं दोन्ही वेळा सांगितलं, "अजून नाही."

शेवटी दोघं बाहेर आले. थोरल्यानं मुलींना स्वतः मागं बसवलं, धाकट्यानं मुलाला. मधलीनं चावी मारली, दिवे लावले, वायपर लावले, स्वच्छ उजेडात, कोरड्या काचेवर, आणि हत्तीण फाटकातून बाहेर पडून डोंगर चढू लागली.

दोघं भाऊ फाटकाशी उभे राहिले. गाडी झाडांमागं गेली, मग नुसता आवाज उरला. तो चढत गेला, चढत गेला, वळणाजवळ आला तेव्हा त्या सकाळी होता तेवढाच चढला. थोरल्यानं फाटकाची सळई धरली. मग वर कुठंतरी मधलीनं पाय काढला आणि आवाज खाली बसला, जसा बसायला हवा तसा. थोरल्यानं श्वास सोडला. शेजारी धाकट्यानंही सोडला.

थोरला आत आला तो सरळ खिळ्यापाशी. पट्टी गेल्यावर खिळ्याला आता दोनच वस्तू उरल्या होत्या, ते रबरी टोपण आणि तो कड्यासारखा क्लॅम्प. त्यानं दोन्ही काढून तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ उलटसुलट करून बघितल्या.

"हे कुठल्या गाड्यांचं आहे?" त्यानं विचारलं.

धाकटा जवळ आला. दोघांनी आठवून बघितलं. बाबा गेल्यापासून इथून कितीतरी गाड्या 'झाली, घेऊन जा' म्हणून बाहेर पडल्या होत्या, आणि त्या या क्षणी कुठल्या कुठल्या उतारावर, कुणाकुणाला घेऊन धावत होत्या. दोघांनाही आठवेना.

धाकट्यानं खिशातून फोन काढला. "आधी कुणाला लावू, दादा?" तो म्हणाला.